कवीचं नाव कुठंय?

२००८ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरातल्या सगळ्या सीडी एका बोटभर लांबीच्या एमपीथ्री प्लेअरमध्ये भरल्या. अण्णांसाठी. ते त्याच वर्षी नोकरीतून निवृत्त झाले होते आणि रोज सकाळी केडगावातल्या आमच्या घरापासून रेणुकामातेच्या मंदिरापर्यंत चालत जाऊन यायचे. चालताना कानात गाणी असावीत, एवढाच माझा हेतू. प्लेअर एक जीबीचा होता, म्हणजे दोनशेच्या आसपास गाणी. चार दिवस कॉम्प्युटरसमोर बसून मी ती भरली आणि पाडव्याला त्यांच्या हातात ठेवली.

अण्णांनी इअरफोन कानात घातला. ‘शुक्रतारा’ लागलं होतं. थोडं ऐकून त्यांनी प्लेअर डोळ्यांजवळ नेला आणि इवल्याशा पडद्यावर सरकणारी अक्षरं वाचू लागले.

‘‘कवीचं नाव कुठंय ह्याच्यात?’’

‘‘नाव लिहिलंय की अण्णा. अरुण दाते.’’

‘‘ते गातायत. लिहिलं कुणी?’’

‘‘तुम्हाला पाठच आहे ना ते?’’

‘‘मला आहे रे. तुला आहे का?’’

मला नव्हतं. मंगेश पाडगावकर हे नाव शाळेच्या पुस्तकामुळे माहीत होतं, पण हे गाणं त्यांचं, हे मला त्या दिवशी कळलं. ते गाणं मी लहानपणापासून ऐकत होतो आणि नुकतंच स्वतःच्या हातानं सीडीतून काढून, एमपीथ्री करून, नाव टाइप करून प्लेअरमध्ये ठेवलं होतं. चार दिवस मी गाण्यांची वाहतूक केली होती आणि वाटेत एक माणूस खाली उतरवून दिला होता.

सीडीतून गाणी काढून खिशातल्या यंत्रात भरण्याबद्दल जेवढं लिहिलं-बोललं गेलं, त्यातलं बहुतेक आवाजाच्या दर्जाबद्दल आहे. १२८ केबीपीएस पुरे की ३२० हवं, एमपीथ्री बरं की फ्लॅक. मला वाटतं, मराठी गाण्यापुरता हा वाद दुय्यम होता. आवाजाचं जे नुकसान झालं ते पुढे भरून निघालं. नावांचं झालं ते निघालं नाही. तुमच्या फोनमध्ये आज जी मराठी गाणी वाजतात, ती त्या नुकसानासकट वाजतात.

*

आधी आवाजाचं बघू. तक्रार खरीच होती.

सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी १९८२ साली सीडी बाजारात आणली. तिच्यावर आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून ठेवलेला असतो, डावीकडचा आणि उजवीकडचा वेगवेगळा, आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांचं. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. पाच मिनिटांच्या गाण्याला ५० एमबीहून जास्त. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत तेच गाणं पाच एमबीच्या आत बसतं. म्हणजे अकरातले दहा भाग टाकून द्यायचे, आणि ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नाही.

हे जमतं ते आपल्या कानाच्या एका सवयीमुळे. मोठ्या आवाजाच्या आसपासचा बारीक आवाज आपल्याला ऐकू येत नाही. एसटी घरघरत असताना शेजारच्याची कुजबुज कळत नाही, तसं. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांनी या सवयीचा हिशोब मांडला आणि जे ऐकूच येणार नाही ते कापायचं ठरवलं. त्यांच्यातले कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी चाचणीसाठी सुझान वेगा या गायिकेचं वाद्यांशिवाय गायलेलं एक गाणं पुन्हा पुन्हा वापरलं, कारण एकट्या आवाजात झालेली मोडतोड लपत नाही.

आपल्याकडे ती चाचणी तानपुऱ्यानं घेतली असती. तानपुऱ्याची तार छेडली की मूळ स्वरावर बारीक बारीक स्वरांचा थर चढत जातो, आणि जवारी नीट लागलेली असेल तर तो थर सतत हलत राहतो. मी भरलेल्या १२८च्या फायलींत हा थर गढूळ झाला होता. भीमसेन जोशींचा आवाज जागेवर होता, मागचा तानपुरा मात्र पाण्याखालून आल्यासारखा येत होता. शिवाय सीडीवर विलंबित ख्याल एका ट्रॅकमध्ये आणि लगेच जोडून येणारी द्रुत बंदिश पुढच्या ट्रॅकमध्ये असली, तर मध्ये क्षणभर शांतता पडायची. एमपीथ्री फायलीच्या दोन्ही टोकांना थोडी रिकामी जागा राहते, तिचा हा परिणाम. तबलजी समेवर यायचा आणि सम गायब.

पण हे सगळं दुरुस्त झालं. जास्त बिटरेटची सोय होतीच, लेमसारखे चांगले एन्कोडर फुकट मिळत होते, ट्रॅकमधली ती फट बुजवणारे प्लेअर आले. मेमरी इतकी स्वस्त झाली की कापाकापीची गरजच उरली नाही. फ्लॅकमध्ये सीडीवरचा एकही बिट हरवत नाही. मूळ सीडी कपाटात शाबूत असेल तर आजही ती पुन्हा काढता येते.

नावांचं तसं नाही. आणि त्याचं कारण सीडीतच आहे.

*

बहुतेक सीडींवर गाण्यांची नावं नसतातच. वेष्टनावर छापलेली असतात, आतल्या कागदावर असतात, पण चकतीवरच्या माहितीत नसतात. तिथे असतं फक्त इतकंच की पहिला ट्रॅक इथे सुरू होतो, दुसरा इथे, तिसरा इथे. मग कॉम्प्युटरमध्ये सीडी घातल्यावर नावं कुठून येतात? १९९०च्या दशकात सीडीडीबी नावाचा एक साठा सुरू झाला. ट्रॅकच्या सुरुवातीच्या जागांवरून सीडीची ओळख पटवायची, आणि त्या ओळखीपुढे कुणीतरी हातानं टाइप केलेली नावं दाखवायची. हे ‘कुणीतरी’ म्हणजे जगभरचे श्रोते. पुढे तो साठा कंपनीच्या मालकीचा झाला, तेव्हा फ्रीडीबी आणि म्युझिकब्रेन्झ असे खुले साठे उभे राहिले. फ्रीडीबी २०२० साली बंद पडला.

ट्रॅकच्या लांबीवरून ओळख म्हणजे चेहरा न बघता उंचीवरून माणूस ओळखणं. माझी एक भजनांची सीडी कुठल्याशा युरोपियन बँडच्या नावानं उघडली होती. केडगावच्या माणसाला हा घोटाळा नवा नाही. केडगाव म्हटलं की निम्म्या लोकांना दौंडजवळचं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव आठवतं. ते पुणे जिल्ह्यातलं. आम्ही नगरचे. नाव एकच, पत्ता वेगळा, आणि प्रत्येक वेळी खुलासा आपणच करायचा.

माझ्या बहुतेक मराठी सीडी त्या साठ्यांत नव्हत्याच. पडद्यावर यायचं ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’. म्हणजे नावं मीच टाइप करायची. आणि टाइप करायची म्हटलं की समोर एक फॉर्म यायचा. शीर्षक, कलाकार, अल्बम, वर्ष, शेरा, प्रकार. यात कवीला रकाना नव्हता.

हा फॉर्म आला १९९६ साली. एरिक केम्प नावाच्या माणसानं एमपीथ्री फायलीच्या अगदी शेवटी १२८ बाइट जोडून त्यात माहिती ठेवायची युक्ती काढली. आयडीथ्री टॅग म्हणतात तो हाच. शीर्षकाला ३० बाइट, कलाकाराला ३०, अल्बमला ३०. हे ३० रोमन लिपीच्या हिशोबानं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर वेगळं आणि काना-वेलांटी वेगळी, आजच्या युनिकोडच्या सर्वाधिक वापरातल्या पद्धतीत तीन बाइट घेतं. ‘भीमसेन जोशी’ मोजून पाहा. दहा चिन्हं आणि मधली एक मोकळी जागा, एकूण ३१ बाइट. हिंदुस्थानी संगीतातलं एवढं मोठं नाव त्या रकान्यात एका बाइटनं मावत नाही.

प्रकारांच्या यादीत ८० नोंदी होत्या. त्यात पोल्का होता, काबरे होता, ख्रिश्चन रॅपसुद्धा होता. अभंग, भावगीत, ख्याल, लावणी यांतलं काहीच नव्हतं. ‘एथ्निक’ नावाचा एक रकाना होता, आपण सगळे त्यात. मला यात कुणाचं कारस्थान दिसत नाही. केम्पनं स्वतःच्या गाण्यांसाठी फॉर्म केला आणि त्याच्या गाण्यांत गायक म्हणजेच गाण्याचा मालक असं साधारण असायचं. पण फॉर्म ही निरुपद्रवी गोष्ट नसते. जो रकाना नाही, ती गोष्ट हळूहळू नाहीशी होते.

*

मराठी भावगीत हे मुळातच अनेकांच्या मालकीचं. रेडिओवर निवेदक प्रत्येक गाण्याआधी सांगायचे: गीत अमुक, संगीत तमुक, गायक अमुक. क्रमसुद्धा ठरलेला, कवी पहिला. लता मंगेशकरांची कितीतरी गाणी आमच्या घरी ‘सावळाराम-प्रभूंची’ म्हणून ओळखली जायची, पी. सावळाराम आणि वसंत प्रभू. हृदयनाथ मंगेशकरांची चाल म्हटली की पुढचा प्रश्न असायचा, शब्द कुणाचे? आरती प्रभू, ग्रेस, सुरेश भट की शांता शेळके? त्या उत्तरावर गाणं वेगळं ऐकू यायचं.

आता हे एका ‘कलाकार’ रकान्यात कसं बसवायचं? ‘गीतरामायण’च घ्या. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून त्याचं पहिलं गीत प्रसारित झालं आणि वर्षभरात ५६ गीतं झाली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. रेडिओवर ती वेगवेगळ्या पात्रांसाठी वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली, ध्वनिमुद्रिकांवर मात्र सगळी फडक्यांनी एकट्यानं. मी ती सीडीवरून भरली तेव्हा कलाकार म्हणून फडक्यांचं नाव टाकलं. ते चूक नव्हतं, पण ते लिहिल्यावर माडगूळकरांना बसायला जागा उरली नाही. गंमत अशी की ‘गीतरामायण’ हे स्वतःच एका कवीची गोष्ट सांगतं. वाल्मीकींनी रचायचं, कुश-लवांनी गायचं आणि रामानं ऐकायचं. गोष्टीतल्या कवीला त्यात जागा आहे. माझ्या प्लेअरमध्ये मात्र फक्त कुश-लव उरले.

क्रमाचीही वाट लागली. मी ट्रॅकचे क्रमांक टाकले नव्हते, त्यामुळे प्लेअर नावांच्या अक्षरक्रमानं वाजवायचा. ‘गीतरामायण’चं शेवटचं गीत ‘ग’नं सुरू होतं आणि पहिलं ‘स’नं. रोमन घ्या की मराठी, ‘ग’ आधी आणि ‘स’ नंतर. अण्णांच्या कानात रामायण शेवटाकडून सुरू झालं.

लिपीचा गोंधळ त्याच्यावर. त्या प्लेअरला देवनागरी येत नव्हती. मराठीत लिहिलं की चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसायची. म्हणून सगळं रोमनमध्ये लिहिलं. फडक्यांचा ‘फ’ एका सीडीला ‘पी-एच’नं लिहिला आणि दुसरीला ‘एफ’नं, तर यादीत दोन सुधीर फडके तयार झाले. एकाची गाणी ऐकताना दुसऱ्याची सापडायची नाहीत.

पुढे फॉर्म सुधारला, हेही सांगायला हवं. आयडीथ्रीची १९९८ साली आलेली दुसरी आवृत्ती लवचीक होती. तिच्यात लांबीचं बंधन सुटलं, युनिकोडची सोय झाली, आणि गीतकारासाठी एक स्वतंत्र रकानाही आला. म्हणजे मी त्या दिवाळीत गाणी भरत होतो तेव्हा कवीला जागा होऊन दहा वर्षं झाली होती. पण मी वापरत असलेला प्रोग्रॅम तो रकाना दाखवत नव्हता, प्लेअरही दाखवत नव्हता. घरात खोली बांधलेली, दार मात्र ठेवलेलं नाही.

*

हे सगळं लक्षात आल्यावर मी एक गोष्ट नव्यानं ऐकू लागलो. आपल्या जुन्या कवींना जणू ठाऊक होतं की पुढे नाव गळणार.

अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ येतं. ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’, ‘जनी म्हणे’ येतं. याला नाममुद्रा म्हणतात. वारीत कुणीही गावं, कुठल्याही चालीत गावं, कितीही तोंडांतून जावं, नाव गाण्याच्या आत शिवलेलं आहे. ‘अभंग तुकयाचे’ची सीडी मी भरली, गायिका लता मंगेशकर, संगीत श्रीनिवास खळे. रकान्यात मी फक्त लताबाईंचं नाव लिहिलं, तरी तुकारामांचं काही बिघडलं नाही. प्रत्येक गाण्याच्या शेवटी ते स्वतःच नाव सांगतात. ख्यालाच्या बंदिशीत ‘सदारंग’ येतो, तोही असाच. अठराव्या शतकातल्या नियामत खाँची ती मुद्रा.

ध्वनिमुद्रण सुरू झालं तेव्हाही हीच युक्ती वापरली गेली. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी ध्वनिमुद्रिका केल्या. त्या दिवसांतल्या अनेक तबकड्यांच्या शेवटी गाणारी स्वतःचं नाव मोठ्यानं सांगते. कारण व्यवहारी होतं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या कारागिरांना कळावं कुणाची तबकडी आहे आणि लेबल बरोबर चिकटावं, म्हणून.

तिसरं उदाहरण आमच्या जिल्ह्यातलंच. केडगावहून साठेक किलोमीटरवर नेवासं आहे. तिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ग्रंथाच्या शेवटच्या ओवीत शके १२१२ हे वर्ष येतं, आणि ती लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचं नावही येतं. कवी, काळ, ठिकाण, लेखनिक, सगळं ग्रंथाच्या शेवटी नोंदलेलं आहे. पुढे तीनशे वर्षं नकला होत गेल्या, चुका शिरल्या. शके १५०६, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावलं की यात स्वतःची ओवी घुसवणारा अमृताच्या ताटात करवंटी ठेवेल.

केम्पचा टॅगही फायलीच्या शेवटीच असतो, हा योगायोग. पण सीडी भरणाऱ्याचं काम आणि पोथी उतरवून घेणाऱ्याचं काम एकच, हा योगायोग नाही. सीडीवर ओरखडे असतील तर तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून ताडून पाहणारे प्रोग्रॅम आहेत. एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा त्यातला जुना. तुमची प्रत इतरांनी त्याच सीडीवरून काढलेल्या प्रतींशी जुळते का, हेही तपासता येतं. एकनाथांनी याला पाठशुद्धीच म्हटलं असतं. फरक इतकाच की पाठ तपासायला आपण यंत्र बनवलं आणि शेवटच्या ओवीची जबाबदारी कुणावरच टाकली नाही.

करवंट्या ठेवणारे मात्र पुष्कळ निघाले. दोन वर्षांनी अण्णांना मेमरी कार्डवाला फोन आला. आमच्या पुणे रोडवर मोबाइलच्या दुकानांत पाट्या लागल्या होत्या, गाणी भरून मिळतील. कार्ड द्यायचं, थोडे पैसे द्यायचे, भक्तिगीतं की लावण्या की नवीन हिंदी ते सांगायचं, आणि चहा पिऊन होईपर्यंत शेकडो गाणी तयार. ज्यांच्या घरी सीडी नव्हत्या, कॉम्प्युटर नव्हता, त्यांच्यापर्यंत गाणं या दुकानांनी पोचवलं, हे मान्य करायला हवं. पण ती गाणी फोनवर उघडली की कलाकाराच्या रकान्यात कुठल्यातरी फुकट डाउनलोडच्या साइटचं नाव असायचं. सच्चिदानंदबाबांनी कवीचं नाव राखून मग स्वतःचं लिहिलं होतं. इथे लेखनिकानं गायकालाही पुसून टाकलं होतं. कवी तर त्याच्या आधीच गेला होता.

*

यावर एक प्रश्न हमखास येतो. गाणं आवडतंय ना, मग नावानं काय फरक पडतो?

मी तीन उत्तरं देतो.

पहिलं ऐकण्याचं. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ ही कुमार गंधर्वांची मैफल. नावातच सांगितलंय की गाणारा एक आहे आणि ज्याचं गाणं तो समजून घेतोय तो दुसरा आहे. त्या पदांच्या मागे नाटककार आहेत, संगीतकार आहेत. ‘स्वयंवर’ १९१६चं, शब्द खाडिलकरांचे, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. हे माहीत असलं तर कुमारजी कुठे बालगंधर्वांच्या जवळ राहतात आणि कुठे त्यांची वाट सोडतात, ते ऐकू येतं. ‘कलाकार: कुमार गंधर्व’ एवढंच दिसलं तर उरतो एक छान आवाज. नावं गेली की तुलना जाते, आणि तुलना गेली की आपण फक्त आवडलं-नावडलं म्हणत राहतो.

दुसरं पैशाचं. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला कायमचा लिहून देता येणार नाही, अशी तरतूद आली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी तिची बाजू मांडली होती. पण रॉयल्टी पोचवायची तर गाणं कुणाचं, हे नोंदीत असावं लागतं. ज्याचं नाव यादीत नाही, त्याच्या घरी पाकीट कसं जाणार?

तिसरं उत्तर मला सगळ्यांत अवघड वाटतं, कारण तिथे प्रश्नातही तथ्य आहे. कितीतरी गाण्यांना कवीचं नाव नाहीच. माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांना कोण कवी? नावाचा हट्ट धरला की अशी गाणी बाहेर पडतात आणि छापील कवींची सद्दी होते, हा आक्षेप खरा आहे. पण त्याचं उत्तर एका मराठी कामानंच दिलंय. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगाव फिरून, बायकांकडून ऐकून, एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. आज त्या ‘परी’च्या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. त्यात कवीचा रकाना ओढूनताणून भरलेला नाही. तिथे गाणाऱ्या बाईचं नाव आहे, तिचं गाव आहे, ओवीचा विषय आहे. ज्या गाण्याला जी माहिती लागते, तिच्यासाठी रकाना केलेला आहे. म्हणजे हे करता येतं. फक्त फॉर्म बनवणाऱ्यानं आधी गाणं ऐकलेलं असावं लागतं.

*

आज तुम्ही सीडी घेत नाही, भरत नाही. गाणी ॲपवर आयती येतात. तरी एक करून पाहा. फोनमध्ये कुठलंही जुनं भावगीत लावा आणि पडद्याकडे बघा. गाण्याखाली गायकाचं नाव असेल, कधी संगीतकाराचं. कवी हवा असेल तर तीन ठिपके दाबा, मग श्रेयांची यादी उघडा. तिथे नाव असेलच असं नाही. असलं तर बरोबर असेलच असंही नाही. ॲप नवं आहे, आतला फॉर्म मात्र अजूनही त्याच जुन्या घराण्याचा.

यंदा मी अण्णांच्या सीडी दुसऱ्यांदा काढायला घेतल्या. लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, म्हणून बाहेरून जोडायचा घेतला. या वेळी फ्लॅक. पुण्याला गेलं की कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाउसमधून अण्णा एकेक सीडी निवडून आणायचे. त्यातल्या बऱ्याच अजून चालतात. काही वाचल्याच जात नाहीत. आतले कागद निम्म्याहून अधिक हरवलेत.

पण अण्णांची वही आहे. कॅसेटच्या दिवसांपासूनची, लांबट, ऑफिसात मिळायची तसली. रकाने पट्टीनं आखलेले. अनुक्रमांक, गाण्याचे पहिले शब्द, कवी, संगीतकार, गायक, आणि माहीत असेल तिथे राग. गायक पाचव्या रकान्यात. ही वही मी त्या दिवाळीत पाहिली होती आणि बाजूला ठेवली होती, कारण कॉम्प्युटरवरच्या फॉर्ममध्ये तिचे रकाने बसत नव्हते.

आता मी ती समोर ठेवून टाइप करतो, देवनागरीत. गीतकाराच्या रकान्यात कवीचं नाव टाकतोच, पण माझ्या फोनवरचं ॲप तो दाखवत नाही. म्हणून कलाकाराच्या रकान्यात सगळीच नावं लिहितो, रेडिओच्या क्रमानं. टॅग नेटके ठेवणारे लोक याला चूक म्हणतील. म्हणोत.

परवा पहिला हप्ता पूर्ण झाला. अण्णांना आता लांब चालवत नाही, अंगणात खुर्ची टाकून बसतात. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि ‘शुक्रतारा’ लावलं. त्यांनी चष्मा वर केला, फोन लांब धरला आणि निवेदकाच्या सुरात वाचलं: ‘‘गीत मंगेश पाडगावकर, संगीत श्रीनिवास खळे, गायक अरुण दाते.’’ मग थांबले. गाणं पुढे सरकलं, दुसरा आवाज आला.

‘‘आणि ह्या कोण गातायत?’’

मी वही उघडली. पाचव्या रकान्यात दोन नावं होती, दुसरं खालच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलेलं. मी फोन परत घेतला आणि सुधा मल्होत्रा हे नाव टाइप केलं.